घरच्या हातचा मासा

आमच्या घराण्याचा समुद्राशी फार जुना संबंध आहे. इतका जुना, की आठवतंय तेवढ्या पिढ्यांत कोणी समुद्र पाहिलेला नाही.

पूर्वज कोकणातल्या एका खाडीकाठचे होते, फौजेबरोबर उत्तरेत आले आणि ग्वाल्हेरात राहिले, अशी हकिकत आहे. खाडी कुठली, ते कोणाला मालूम नाही. पूर्वजांचा घोडा कोणत्या रंगाचा होता ते मात्र सगळ्यांना मालूम आहे, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तो वेगळ्या रंगाचा असतो. खरं सांगायचं तर घोडा गेल्यानंतर आमच्या घराण्याने गिरणीत सूत काढलं, दाल बाज़ारात पोती उचलली, कचेऱ्यांच्या दारात स्टूल टाकून बसलं. पदवी घेणारा पहिला माणूस मी. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार नाही, पण वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

खाडी सुटली तरी खाडीवरची देवी बरोबर आली. देवी म्हणजे चांदीचा टाक, तळहाताएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून काढलेला मुखवटा. दर माघात तिचा कुळाचार होतो. सगळं घराणं जमतं आणि देवीला माशाचा नैवेद्य दाखवतात. मासा समुद्राचा हवा आणि घरच्या हाताने धरलेला हवा. विकतचा चालत नाही. चंबळेचाही चालत नाही, कारण देवी खाऱ्या पाण्याची. आणि असा मासा मिळेपर्यंत बेसनाचा करावा, अशी सोय कोणा शहाण्या पूर्वजाने करून ठेवली. त्या ‘मिळेपर्यंत’वर आमच्या पिढ्यान् पिढ्या निघाल्या.

बेसनाच्या माशाला नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही. ओवा, तिखट, हळद घालून बेसन घट्ट मळायचं, लांबट आकार द्यायचा, चमच्याच्या टोकाने खवले काढायचे, डोळ्याच्या जागी लवंग खोचायची आणि तळून झणझणीत रश्श्यात सोडायचा. देवीचं झालं की शेपटीवरून भांडणं होतात. मोठ्या माणसांची.

टाक थोरल्या भावाकडे राहतो. म्हणजे आमच्याकडे, ग्वाल्हेरातल्या हजीऱ्याला, वडील असेपर्यंत. वडील गेले आणि तेराव्याची पंगत उठते न उठते तोच काकांनी तो सोयीसाठी आपल्या सिटी सेंटरच्या फ्लॅटवर नेला. काका दाल बाज़ारात डाळीची दलाली करतात आणि सगळ्याच गोष्टी सोयीसाठी करतात.

“वहिनी, तुमचा जिना केवढा चढा,” ते म्हणाले. “आमच्याकडे लिफ्ट आहे.”

देवीला लिफ्टची अडचण पूर्वी कधी पडल्याचं ऐकिवात नव्हतं. पण आई त्या दिवसांत कशालाच नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हती. तिने टाक लाल कापडात गुंडाळून दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यात, जिथे टाक असायचा त्या रिकाम्या जागी, नेहमीसारखं फूल ठेवलं. मग रोजच ठेवू लागली. मी कामावर निघताना ते फूल दिसायचं. बाकी ती काही बोलायची नाही, आणि न बोलणारी बाई घरात असली की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

काकांकडच्या पहिल्या कुळाचाराला तिने विचारलंच. जेवणं झाली होती, काका सोफ्यावर बडीशेप चघळत होते.

“भाऊजी, पुढच्या माघात देवी हजीऱ्याला नेऊ का?”

काकांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. चार माणसं ऐकत असली की त्यांना घराण्याचे नियम आठवतात.

“वहिनी, खरा नियम कोणता? घरच्या हाताने समुद्राचा मासा जो आणील, देवी त्याच्या घरी. आणा मासा, घेऊन जा देवी. मी स्वतः लिफ्टपर्यंत पोचवीन.”

सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि ते हसणं मला बघवलं नाही.

“आणतो,” मी म्हणालो.

“कुठून रे, तिघऱ्याच्या धरणातून?”

“समुद्रातून. माझ्या हाताने.”

“पोहता येतं?”

“शिकीन.”

“बी.कॉम.ला नव्हतं वाटतं,” काका म्हणाले, आणि बडीशेपेची वाटी माझ्यापुढे सरकवली.

इतका अपमान झाल्यावर माणसाने काय करावं? सुशिक्षित माणूस व्हिडिओ बघतो. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करतो, तिथे दुपारी भरपूर वेळ असतो. कोळ्यांच्या होडीत बसून जाण्यात अर्थ नव्हता. मासा त्यांच्या जाळ्यात आला की काका म्हणणार, हात कोणाचा? किनाऱ्यावरून गळ टाकावा तर माझ्या मते त्यात पराक्रम नव्हता. मग मला कयाक सापडली. एका माणसाची, प्लास्टिकची, अरुंद होडी. एकच लांब वल्हं, दोन्ही टोकांना पाती. दुसऱ्या माणसाला बसायला जागाच नाही, म्हणजे हाताबद्दल वाद नाही.

व्हिडिओतले गोरे दाढीवाले बाप्ये काळा चष्मा लावून सांगायचे, की नवशिक्याने भर समुद्रात जाऊ नये, शांत खाडीत सुरुवात करावी. उथळ पाणी, कमी वारा, किनारा नजरेत. लाइफ जॅकेट अंगावरच हवं, पायाशी नको. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावा. वल्हं दोरीने होडीला बांधावं. खाऱ्या पाण्यातून आलं की गळाची काठी आणि रीळ गोड्या पाण्याने धुवावं, नाहीतर गंज चढतो. मी सगळं पाठ केलं. पाठ करणं हे माझं बळ आहे. पदवी काही अशीच मिळाली नाही.

सराव गच्चीवर सुरू झाला. प्लास्टिकच्या पाटावर पाय पसरून बसायचं आणि झाडूचा दांडा वल्ह्यासारखा फिरवायचा. हजीऱ्यात गच्च्या एकमेकींना खेटून आहेत. शेजारच्या आंटीने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी आईला विचारलं, “बहनजी, बेटे को दिखाया किसी को?”

“नाव चलाना सीख रहा है,” आई म्हणाली.

“छत पे?”

“अभी छत पे,” आई म्हणाली. त्या ‘अभी’मध्ये माझ्यावर जेवढा विश्वास होता तेवढा माझा माझ्यावर नव्हता.

मग तिघऱ्याला गेलो. धरणावर बोटिंगवाल्याकडे दोन कयाक होत्या, कॉलेजची पोरं फोटोसाठी घ्यायची. मी त्याला सांगितलं, मला फोटो नको, उलटी पडल्यावर परत कसं चढायचं ते शिकायचं आहे.

“भैया, लोग न गिरने के पैसे देते हैं,” तो म्हणाला.

पडण्याचं शिक्षण मला फार घ्यावं लागलं नाही, ते उपजत होतं. चढण्याला मात्र तीन रविवार गेले. होडी सुलटी करायची, मधोमध आडवं पोट टाकायचं, मग कूस बदलून बूड जागेवर आणायचं. पोट टाकेपर्यंत मी छान करायचो. तिथून पुढे बराच वेळ तसाच लोंबायचो, अर्धा पाण्यात, अर्धा होडीत. बोटिंगवाला काठावरून म्हणायचा, “मगर भी धूप में ऐसे ही लेटता है, उसे भी जल्दी नहीं रहती.” तिघऱ्यात मगरी आहेत की नाहीत हे मी त्याला मुद्दामच विचारलं नाही.

पण शिकलो. थंडी पडेपर्यंत मला सरळ रेषेत जाता येऊ लागलं, वळता येऊ लागलं, एका हाताने वल्हं सांभाळून गळ टाकता येऊ लागला. तिघऱ्याचं पाणी शहाणं आहे. संध्याकाळी जिथे सोडून जावं तिथेच सकाळी भेटतं. कयाक काठावरच्या खुंटीला बांधा, चहा पिऊन या, खुंटी तिथेच, पाणी तिथेच, कयाक तिथेच. पाण्याबद्दलचं माझं सगळं ज्ञान या एका चांगल्या वळणाच्या पाण्यावर उभं होतं.

पौष सरता सरता आम्ही निघालो. आम्ही, कारण आई म्हणाली, “मी येईन. तू तिथे बुडलास तर मला इथे कोण सांगणार?” गाड्या बदलत, पुऱ्या खात, सामानात दोन गळाच्या काठ्या सांभाळत कोकणात उतरलो. आईच्या अंगात स्वेटर होता. तिथे घामाच्या धारा लागल्या होत्या, पण पौष आहे म्हटल्यावर स्वेटर आहेच.

राहायची सोय खाडीकाठच्या एका घरात केली होती. घरमालकीण बाईंनी आमचं बोलणं जरा वेळ ऐकलं आणि कौतुकाने म्हणाल्या, “तुम्ही हिंदी लोक, पण मराठी किती छान बोलता हो.”

ग्वाल्हेरात आम्हाला दक्षिणी म्हणतात. त्या बोलण्याचा राग येऊ नये म्हणून आम्ही मनात कोकण जपून ठेवलं होतं. कोकणाने पहिल्याच दिवशी आम्हाला उत्तरेत परत पाठवलं. आई त्या रात्री एवढंच म्हणाली, “इथे कोणीच आपल्या घोड्याचं विचारत नाही.”

कयाक भाड्याने देणारा माणूस पुण्याचा निघाला. कंपनीतली नोकरी सोडून, शांतता शोधत तो इथे आला होता, आणि त्या शांततेत दिवसभर बोलत असायचा. डोक्यावर रुंद काठाची टोपी, गळ्यात शिट्टी.

“पाण्याला रिस्पेक्ट द्या, सर,” त्याने सुरुवात केली.

“देतो. तिघऱ्याला सहा महिने दिला आहे.”

“ती कुठली क्रीक?”

“धरण आहे.”

तो दयाळूपणे हसला आणि भरती-ओहोटीचा तक्ता माझ्या फोनवर पाठवला. “हे नीट बघून वेळ ठरवा.”

मी नीटच बघितलं. इथे मला थोडं सविस्तर सांगावं लागेल, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील की पदवीधर असून असं कसं केलं. ग्वाल्हेरच्या माणसाला भीती कशाची? पाणी येण्याची. पावसाळ्यात नाला भरून आला, धरणाची दारं उघडली, लश्कर भागात दुकानांत पाणी शिरलं. येणारं पाणी वाईट. पाणी जाण्याची आम्हाला सवयच आहे. नळ रोज जातो, त्याला कोणी संकट म्हणत नाही, बादल्या भरून ठेवल्या की झालं. तक्त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अमुक वेळेनंतर ओहोटी लागणार. म्हणजे पाणी कमी कमी होत जाणार. नवशिक्याला उथळ पाणी बरं, हे दाढीवाल्यांनी सांगितलेलंच होतं. मी विचारपूर्वक, सुरक्षिततेचा अभ्यास करून, ओहोटीची वेळ निवडली.

सकाळी आईला खाडीच्या धक्क्यावर बसवलं. घरमालकीण बाईंची प्लास्टिकची खुर्ची, छत्री, डबा. डब्यात पाटवडी, आईने सकाळीच त्या बाईंच्या स्वयंपाकघरात घुसून थापली होती, कारण परक्या जागी बेसन असलं म्हणजे पोट राहतं असा तिचा विश्वास आहे. तिचं मन रमावं म्हणून दुसरी काठी मी धक्क्याच्या दगडांत खोचून दिली, बारीक गळाला कोळंबी लावून तो पाण्यात सोडला.

“हलली तर काय करू?”

“नाही हलणार, आई. इथे काठावर मोठं काही नसतं. तू नुसती बस.”

खाडीत सूर्य तिरपा पडला होता. सांगायला हरकत नाही, पहिला अर्धा तास फार चांगला गेला. खाऱ्या पाण्याला एक वास असतो, तो व्हिडिओत येत नाही. होडी पाण्यात जरा जास्तच तरंगते. वल्ह्याचे थेंब ओठावर पडले आणि मी जीभ लावून बघितली. खारट होतं. देवी या पाण्याची म्हणतात, ते मला त्या वेळी एकदम खरं वाटलं, आणि आजवर मी त्याकडे पूर्वजांच्या घोड्याइतकंच लक्ष दिलं होतं.

धक्क्यासमोर मुख्य पाण्यातून एक लहानसा फाटा आत गेला होता, दोन्ही बाजूंनी खारफुटीची झाडं. व्हिडिओत सांगतात की मासे अशा झाडांच्या मुळांशी असतात. मी आत गेलो. आई समोरच दिसत होती, हाक पोचेल इतकी जवळ. नांगर टाकला, गळ टाकला, वाट बघत बसलो. मासे धरण्याची कला म्हणजे वाट बघणं, आणि मी सरकारी कचेऱ्यांत पुष्कळ वाट बघितलेली आहे. काहीतरी दोनदा कोळंबी खाऊन गेलं. मी तिसऱ्यांदा कोळंबी लावत होतो तेव्हा होडी जरा तिरकी झाली.

मी वल्हं मारलं. वल्हं पाण्यात गेलं नाही. चिखलात गेलं, आणि बाहेर काढायला दोन हात लागले. मी मागे बघितलं. ज्या वाटेने आलो होतो ती वाट नव्हती. करडा, चकचकीत, श्वास घेत असल्यासारखा चिखल होता, आणि त्यावर लहान लहान खेकडे आपली दुकानं उघडत होते. माझ्याभोवती बादलीभर पाणी उरलं होतं. मग तेही गेलं.

“अरे,” धक्क्यावरून आईची हाक आली, “तू जमिनीवर कसा?”

“पाणी गेलं.”

“कधी येणार?”

आईने ते अगदी नळाबद्दल विचारतात तसं विचारलं, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की आमची चूक खानदानी आहे.

पुण्याचा माणूस शिट्टी वाजवत धक्क्यावर आला. “सर, उतरू नका. कमरेपर्यंत जाल. बसून राहा, दुपारनंतर भरती येईल.”

“तोपर्यंत?”

“पाण्याला रिस्पेक्ट द्या.”

“पाणी कुठे आहे?” मी विचारलं. त्याने पुन्हा शिट्टी वाजवली.

तर मी बसून राहिलो. नुसत्या चिखलात, लाइफ जॅकेट घालून, वल्हं होडीला नियमाप्रमाणे बांधून. काही लोक धक्क्यावर जमले, त्यांतल्या एकाने माझा फोटो काढला. उन्हं डोक्यावर आली. घराण्याचा पहिला पदवीधर, घराण्याच्या मूळ कोकणात, घराण्याची देवी परत आणायला, खेकड्यांच्या मधोमध बसला होता. काका असते तर त्यांना बडीशेपेची गरज पडली नसती.

आणि धक्क्याच्या बाजूला, जिथे मुख्य पाणी अजून होतं, तिथे आईची काठी वाकली.

“हलतंय,” आई म्हणाली.

“दगडात अडकलं असेल.”

“दगड ओढतो का?”

“आई, काठी वर धर. वर. रीळ फिरव, उजवीकडे. थांब, ढील दे.”

“किती बोलतोस. एक सांग.”

“ढील दे.”

तिने ढील दिली नाही. तिने रिळाला हातच लावला नाही. दोरा दोन्ही हातांनी धरला आणि विहिरीतून बादली काढतात तसा, हातावर हात टाकत, सरळ वर ओढला. मी चिखलातून शास्त्र सांगत होतो. पुण्याचा माणूस म्हणत होता, “मॅडम, असं नसतं करायचं.” आणि मासा धक्क्यावर येऊन पडला. रुपेरी, पाठीवर करडा, हातभर नाही पण वीतभराहून मोठा. आईने स्वेटर काढला आणि त्याच्यावर टाकला. स्वेटर तिने संपूर्ण प्रवासात काढला तो एवढाच एकदा.

“बोय आहे,” पुण्याचा माणूस म्हणाला. “पण बोय कोळंबीला लागत नाही सहसा. काय लावलं होतं?”

“ती कोळंबी वास मारत होती, काढून टाकली,” आई म्हणाली. “पाटवडीचा तुकडा लावला.”

भरती यायला अजून पुष्कळ वेळ होता, विचार करायलाही.

परतीच्या प्रवासात बोय थर्माकोलच्या खोक्यात होता, स्टेशनास्टेशनावर बर्फ बदलत. समोरच्या बाकावरच्या काकाजींनी दोनदा नाक वर करून विचारलं, “माताजी, इसमें क्या है?”

“प्रसाद,” आई म्हणाली.

काकाजींनी खोक्याला हात जोडले. आई खोटं बोलली असंही म्हणता येत नाही.

कुळाचाराच्या दिवशी आम्ही लिफ्टने वर गेलो. काकूंचा बेसनाचा मासा तळून तयार होता. आईने खोकं ओट्यावर ठेवून उघडलं. काका जवळ आले, वाकून बघितलं. मी पुढचा प्रश्न ओळखत होतो.

“समुद्राचाच कशावरून?”

पुण्याच्या माणसाने काढून पाठवलेले फोटो मी फोनवर दाखवले. धक्का, काठी, आई, मासा. दुर्दैवाने पुढच्या फोटोत मीही होतो, चिखलात. काकांनी तो बोटांनी मोठा करून सगळ्यांना दाखवला, निवांतपणे. मग त्यांना हवं ते सापडलं.

“म्हणजे मासा तू नाही धरलास.”

“आईने धरला.”

“हां,” काका म्हणाले, सोफ्यावर बसले, आणि पाय वर घेतले. “मग नियमात बसत नाही. घरचा हात म्हणजे घराण्यात जन्मलेला हात. वहिनी तर इंदूरच्या. बाहेरून आलेल्या.”

आईने खोक्याचं झाकण परत लावायला घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी स्वयंपाकघरातून झाऱ्याचा आवाज आला. कढईच्या काठावर एकदा, जोरात.

काकू दारात आल्या. काकू फार बोलणाऱ्यांतल्या नाहीत; लग्नानंतर इतकी वर्षं त्या या घरात बहुतेक जेवायला वाढूनच बोलल्या आहेत.

“मी कुठली?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?” काका म्हणाले.

“मी झाशीची. माझ्या सासूबाई सागरच्या. त्यांच्या सासूबाई कुठल्या ते तुम्हालाही मालूम नसेल. दर माघात मासा आम्हीच केला. घराण्यात जन्मलेल्या एका हाताने कधी बेसन मळलंय?”

काकांनी पाय खाली घेतले.

“आमचा हात बाहेरचा असेल, तर तुमची देवी आजपर्यंत उपाशीच आहे. मग कशाला हिसकून आणली इथे?”

“हिसकून नाही, सोयीसाठी—”

“माझ्या सोयीचं मला विचारलंत? ओटा बघा केवढा आहे. हजीऱ्याला मांडी घालून बसून दहा मासे तळता यायचे.”

काकांनी मदतीसाठी सगळ्यांकडे बघितलं. सगळे पुरुष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. सगळ्या बायका काकांकडे.

काकूंनी बोयही तळला आणि दोन्ही मासे देवीपुढे ठेवले, एका ताटात. लवंगेच्या डोळ्याचा आणि खऱ्या डोळ्याचा. मग जेवणं झाली. खरं सांगायचं तर बोयचा सगळ्यांनी आदराने एकेक घास घेतला, काटे काढत, आणि सगळे वळून बेसनाच्या शेपटीवर तुटून पडले. आईसुद्धा. “याला काटे फार,” ती म्हणाली. जो मासा आणायला मी सहा महिने गच्चीवर नि धरणात, आणि अर्धा दिवस चिखलात बसलो होतो, त्याबद्दल घराण्याचं हे मत आहे.

निघताना काकूंनी टाक लाल कापडात गुंडाळून आईच्या हातात दिला. लिफ्टपर्यंत पोचवायला काका आले. शब्द दिला होता, आणि बायको मागे उभी होती.

हजीऱ्याचा जिना आई न थांबता चढली. देव्हाऱ्यात सकाळचं फूल तसंच होतं. तिने ते बाजूला सारलं, टाक त्याच्या जागी ठेवला आणि तेच फूल उचलून त्याच्या डोक्यावर वाहिलं. “आता पुढच्या माघात काकूला आठवडाभर आधीच बोलावू,” ती म्हणाली. माझ्या हाताचा विषय निघाला नाही.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. डाळीचे भाव झाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “ती तुझी प्लास्टिकची नाव, जड माणसाला झेपते का रे?”

“झेपते की, काका.”

“नाही, सहज विचारलं. नियम तर तोच आहे ना, जो आणील त्याच्या घरी. आणि तिथे जायचं तर वेळ कोणती बरी?”

मी त्यांना जे मला माहीत होतं ते मनापासून सांगितलं. काका आहेत, वडिलांच्या जागी आहेत.

“ओहोटीची,” मी म्हणालो. “पाणी कमी असतं, एकदम सेफ.”